लॅपटॉपचे कोटेशन कसे वाचावे

(मंडळाच्या विद्यार्थी-पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



संयोजकांनी आम्हाला ‘संगणकयुग आणि आपला समाज’ असा भारदस्त विषय दिला होता. तो आम्ही त्यांच्या परवानगीने लहान करून घेतला आहे. युगावर बोलणारे वक्ते पुष्कळ आहेत. आम्ही बँकेतले कारकून, शिक्षण बी. ए., तेही मराठी आणि इतिहास घेऊन. संगणकशास्त्र आम्ही कॉलेजात शिकलो नाही. परंतु दरवर्षी निकाल लागले की शैक्षणिक कर्जाच्या फायली आमच्या टेबलावर येतात, आणि त्या फायलीत एक कागद असा असतो की जो सही करणाऱ्यांपैकी बहुधा कोणीच वाचलेला नसतो. तो कागद म्हणजे लॅपटॉपचे कोटेशन. आज तेवढ्या एका कागदाविषयी बोलावे असे आम्ही ठरविले आहे.

आधी एक माहिती. इंडियन बँक्स असोसिएशनने शैक्षणिक कर्जाची जी आदर्श योजना आखून दिली आहे, तिच्यात फी, वसतिगृह, पुस्तके यांच्याबरोबरच अभ्यासक्रमासाठी आवश्यक असेल तर संगणकाची वाजवी किंमतही धरता येते. अनेक पालकांना हे ठाऊक नसते, आणि ते लॅपटॉपसाठी धान विकून किंवा डाग ठेवून वेगळे पैसे उभे करतात. तेव्हा फाइल करतानाच विचारावे. दुकानदाराचे कोटेशन जोडावे लागते, आणि बँक साधारणतः पैसे परस्पर दुकानदाराच्या खात्यात देते. म्हणजे कोटेशनवर जे लिहिले आहे त्याचाच आपल्याला हक्क. जे लिहिलेले नाही ते मागाहून मागता येत नाही.

आता हे कोटेशन असते कसे? बहुतेक वेळा एकच ओळ: ‘आय-फाइव्ह लॅपटॉप, ८ जीबी, ५१२, १५.६, विंडोज ११, एक नग’. खाली चाळीस-पंचेचाळीस हजारांचा आकडा आणि रबरी शिक्का. या ओळीखाली बाप सही करतो, मुलगी सही करते. बैलजोडी घेताना जो माणूस बैलाचे दात मोजतो, तेंदूच्या हंगामात फळीवर सत्तर पानांचा पुडा मोजून देतो आणि मोजून घेतला जाताना डोळ्यांत तेल घालून पाहतो, तोच माणूस येथे मुकाट राहतो. कारण एकच. शब्द इंग्रजी आहेत, आणि ते विचारले तर आपण अडाणी ठरू अशी भीती आहे.

ही भीती बाळगण्याचे कारण नाही. बँकांत यंत्रे यायची होती तेव्हाची गोष्ट आमच्या आधीच्या पिढीने आम्हाला सांगितली आहे. १९८४ साली डॉ. रंगराजन समितीचा अहवाल आला आणि शाखांतून लेजर पोस्टिंग मशीन दिसू लागले. पण त्याच्याही आधी, १९८३ साली, कर्मचारी संघटनांनी व्यवस्थापनाशी करार केला होता. कोणत्या प्रकारची यंत्रे येतील, किती येतील, हे त्यांनी लेखी घेतले. त्या वाटाघाटी करणारे काही इंजिनियर नव्हते. आमच्यासारखेच टेबलावरचे लोक होते. शब्दाचा अर्थ विचारायचा, तो पटला की मगच कागदावर घ्यायचा, एवढी शिस्त त्यांना होती.

तर आपणही शब्द घेऊ. समजायला सोपे जावे म्हणून आपण बँकेची शाखाच डोळ्यांसमोर आणू. प्रोसेसर म्हणजे काम करणारा कारकून. रॅम म्हणजे त्याचे टेबल. आणि एसएसडी किंवा हार्ड डिस्क म्हणजे मागची रेकॉर्ड रूम. कारकून कितीही हुशार असला तरी टेबल जर हातभर असेल, तर प्रत्येक फाइल आणायला तो उठून मागे जाणार आणि रांग खोळंबणार. दिवस संपला की टेबल रिकामे होते; रेकॉर्ड रूममधले मात्र जागेवर राहते. वीज जाऊन यंत्र बंद पडले की न साठविलेले लिखाण नाहीसे होते ते यामुळेच. ते टेबलावर होते, कपाटात गेलेले नव्हते.

आपल्याकडे या दोन्ही गोष्टींना सरसकट ‘मेमरी’ म्हणतात, आणि फसगत इथेच होते. गडचिरोलीच्या आतल्या एका तालुक्यातील मुलगी नर्सिंगला लागली. कर्जातून लॅपटॉप घेतला. कोटेशनवर शब्द होते ‘१२८ जीबी मेमरी’. बाप समाधानाने म्हणाला, “साहेब, दुकानदारानं सांगतलं का मेमरी गंज हाये.” आकडा खरा होता, पण तो रेकॉर्ड रूमचा होता. टेबल म्हणजे रॅम होते फक्त ४ जीबी, तेही पाटीला कायमचे डाग देऊन चिकटविलेले. वाढविण्याची सोय नव्हती. विंडोज ११ साठी ४ जीबी ही कंपनीने सांगितलेली किमान मर्यादा आहे. किमान याचा अर्थ यंत्र सुरू होईल एवढाच. वसतिगृहात ते सुरू व्हायलाच इतका वेळ लागे की ती पोर मैत्रिणीच्या मोबाइलवर फॉर्म भरू लागली. तिसऱ्या वर्षी ते यंत्र पडूनच राहिले. शैक्षणिक कर्जाची परतफेड अभ्यासक्रम संपल्यावर, सहसा वर्षभराच्या सवलतीनंतर सुरू होते. म्हणजे लॅपटॉप बंद पडला होता आणि त्याचा पहिला हप्ता अजून यायचा होता! त्यावरचे व्याज मात्र पहिल्या दिवसापासून मोजले जात होते. आम्ही हे खाते रोज पाहत होतो, म्हणून आज येथे उभे आहोत.

तेव्हा कोटेशनवर दोन आकडे वेगवेगळे, नावानिशी लिहून घ्या: रॅम इतके, एसएसडी इतकी. आजच्या काळात साध्या अभ्यासालाही ८ जीबी रॅमच्या खाली जाऊ नये असे आमचे मत आहे. आणि एक प्रश्न जरूर विचारा: “रॅम पुढे वाढविता येते का? जागा रिकामी आहे का?” होय म्हणाले तर तेही लिहून घ्या. आज पैसे कमी असतील तर ८ घेऊन दोन वर्षांनी वाढविता येते. चिकटविलेल्या रॅमला तो मार्ग नाही.

साठवणुकीचे तीन प्रकार आढळतात. जुनी हार्ड डिस्क म्हणजे आत फिरणारी चकती आणि तिच्यावर केसभर अंतरावर सरकणारी सुई. अहेरी-सिरोंचा रस्त्यावर एस. टी.च्या मागच्या बाकावर बसून ज्यांनी प्रवास केला आहे त्यांना ही चकती आपल्या मुलुखात किती टिकेल हे सांगायला नको. एसएसडीत फिरणारा भागच नाही. ती वेगवान असते आणि धक्के सहन करते. तिसरा प्रकार ईएमएमसी. हीसुद्धा न फिरणारीच, पण मंद, बहुधा ६४ किंवा १२८ जीबीची आणि चिकटविलेली. स्वस्त लॅपटॉपमध्ये ही असते. ‘एसएसडी’ हा शब्द लिहिलेला नसेल तर ही असण्याचा संभव धरून विचारावे.

५१२ जीबी घेतली आणि घरी येऊन पाहिले तर पडद्यावर ४७६ दिसते. मुले धावत येतात की दुकानदाराने छत्तीस जीबी खाल्ले. येथे दुकानदार निर्दोष आहे. बनविणारी कंपनी एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरते, आणि विंडोज १०२४ च्या पटीने मोजते. माल तोच, माप वेगळे; पायली आणि किलो यांच्यासारखे. बाइट म्हणजे काय तर साठवणुकीचे लहान एकक. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो, आपल्या देवनागरीच्या एकेका चिन्हाला युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत तीन लागतात. काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजून. तरीही तीनशे पानांचे, पानाला दोन हजार चिन्हे असलेले मराठी पुस्तक दोन एमबीच्या आत बसते. ५१२ जीबीत अशी अडीच लाखांहून अधिक पुस्तके मावतील. आमच्या गावच्या वाचनालयाची कपाटे आठवली की हा हिशेब करताना आम्हाला नेहमी गंमत वाटते. जागा भरते ती पुस्तकांनी नव्हे, सिनेमांनी.

आता कारकुनाकडे, म्हणजे प्रोसेसरकडे वळू. इंटेल कंपनीचा पेंटियम १९९३ साली आला, आणि ज्यांना पेंटियमचे जनक म्हटले जाते ते विनोद धाम यांचा जन्म पुण्याचा. त्या पेंटियमनंतर पुष्कळ पाणी वाहून गेले. आज दुकानात आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन हे शब्द ऐकू येतात, आणि सेव्हन मोठा म्हणून चांगला असे सगळे समजतात. हे अर्धेच खरे आहे. ‘आय-फाइव्ह’ हा हुद्दा झाला; भरती कोणत्या साली झाली ते पुढच्या आकड्यात असते. ‘आय-५-१२३५-यू’ असे लिहिले असेल तर १२ म्हणजे बारावी पिढी. शेवटचे ‘यू’ अक्षर म्हणजे कमी वीज खाणारा, ‘एच’ म्हणजे जोरकस पण अधिक तापणारा. सहाव्या पिढीचा आय-सेव्हन आणि बाराव्या पिढीचा आय-थ्री समोर ठेवले तर आम्ही डोळे मिटून आय-थ्री घेऊ. इंटेलने २०२३ च्या अखेरीपासून नव्या मालातून ‘आय’ अक्षरच काढून टाकायला सुरुवात केली, ‘कोअर ५’, ‘कोअर अल्ट्रा ५’ अशी नावे आली. त्यामुळे गोंधळ वाढला आहे, कमी झालेला नाही.

दुसरी कंपनी एएमडी, तिचा रायझेन. माल चांगला असतो. परंतु तिने २०२३ पासून काही वर्षे जी नावे दिली, त्यांत पहिला आकडा केवळ वर्षाचा होता आणि आतली रचना कोणत्या पिढीची हे तिसऱ्या आकड्यात दडलेले होते. ‘रायझेन ५ ७५२०-यू’ हा २०२३ च्या मालात विकला गेला, पण तिसरा आकडा २, म्हणजे रचना २०१९ च्या सुमाराची. नवा सदरा, जुने अंग. खोटे काही नाही, सर्व कंपनीने जाहीर केलेले आहे. पण कोटेशनवर नुसते ‘रायझेन फाइव्ह’ लिहिले तर हा कोणता हे कसे कळणार? म्हणून पूर्ण नंबर हवा. प्रोसेसरचा पूर्ण नंबर, आणि लॅपटॉपचा पूर्ण मॉडेल नंबर. तो यंत्राच्या पोटाशी चिकटविलेल्या पट्टीवर असतो. डिलिव्हरी घेताना पट्टी आणि कोटेशन शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवावे, जसे आम्ही चेकवरची सही जुळवतो.

पिढीचे महत्त्व जुना माल घेताना जास्त. कंपन्यांच्या कार्यालयांतून निघालेले लॅपटॉप ‘रिफर्बिश्ड’ म्हणून विकले जातात. त्यात लाज काही नाही. मजबूत बांध्याचे असतात, आणि पंधरा-वीस हजारांत गरजू मुलाचे काम होते. पण एक लक्षात घ्या. विंडोज १० ची नेहमीची देखभाल मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली. (ही तारीख आपल्या लोकांना पाठ करायला सांगावी लागत नाही.) विंडोज ११ अधिकृतपणे साधारणतः इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालते. म्हणून जुना घ्यायचा तर आठव्याच्या मागे जाऊ नये. तिथेच दुकानात बॅटरीही तपासावी. कमांडची काळी खिडकी उघडून इंग्रजीत पी, ओ, डब्ल्यू, ई, आर, सी, एफ, जी ही अक्षरे, मग एक जागा सोडून तिरपी रेघ आणि ‘बॅटरीरिपोर्ट’ हा शब्द सलग लिहावा. जो अहवाल तयार होतो त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता अशा दोन ओळी असतात. मूळ ५०,००० आणि आजची २०,००० असेल तर दुकानदाराला दाखवावे आणि भाव पाडावा.

आता ज्या गोष्टी कोटेशनवर येतच नाहीत, पण चंद्रपूर-गडचिरोलीत ज्यांनी यंत्र मरते, त्यांच्याकडे येऊ. पहिली गोष्ट ऊन. अनेक कंपन्या लॅपटॉपच्या माहितीपत्रकात वापराचे तापमान ३५ अंशांपर्यंत लिहितात. आपल्याकडे मे महिन्यात चंद्रपूर आणि ब्रह्मपुरीचा पारा ४५ च्या वर जातो! टिनाच्या छताखाली काय असेल ते सांगायला नको. प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचविण्यासाठी आपण होऊन मंद होतो. महाग आय-सेव्हन घेऊन टिनाखाली बसले तर तो दुपारी आय-थ्रीच्या चालीने चालणार. मग ज्यादा पैसे कशाचे दिले? लिथियमची बॅटरीही उष्णतेने लवकर म्हातारी होते, विशेषतः पूर्ण भरलेली ठेवली तर. पुष्कळ लॅपटॉपांत ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबविण्याची सोय असते. ती उन्हाळ्यात लावून ठेवावी. गादीवर, उशीवर यंत्र ठेवू नये, खालची जाळी बुजते. कूलरच्या समोरही ठेवू नये. तो गारवा ओला असतो. पहाटेचा अभ्यास आपल्या वाडवडिलांनी सांगितलेला आहेच. तो यंत्रालाही मानवतो.

दुसरी गोष्ट धूळ. घुग्घूस, दुर्गापूर, राजुरा या भागात राहणाऱ्यांना सकाळी ओटा पुसला की फडके काळे होते हे माहीत आहे. तीच भुकटी लॅपटॉपचा पंखा आत ओढतो. वर्षातून एकदा जाणत्या माणसाकडून पंखा साफ करून घेतला तर ‘लॅपटॉप म्हातारा झाला’ ही तक्रार पुष्कळदा तेथेच मिटते.

यंत्र मुलखाप्रमाणे बनविता येत नाही असे मात्र नाही. २००७ साली रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट येथील लहानशा शाळेत मुलांना एकेक लॅपटॉप देण्याचा प्रयोग झाला. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या संस्थेचे ते हिरवे-पांढरे यंत्र. आजच्या हिशेबाने त्याचा प्रोसेसर अगदी किरकोळ, रॅम फक्त २५६ एमबी, साठवण एक जीबी. पण त्याला पंखा नव्हता, फिरणारी चकती नव्हती, कळफलक रबराने बंद केलेला होता, पडदा उन्हात वाचता येत होता आणि वीज फार थोडी लागत होती. शंभर डॉलरांत देण्याचा संकल्प होता. प्रत्यक्षात किंमत त्याच्या दुपटीजवळ गेली, आणि आपल्या देशात तो फार पसरला नाही. तरी बनविणाऱ्यांनी आधी उन्हाचा, धुळीचा, विजेचा विचार केला आणि वेगाचा नंतर केला. दुकानात आपणही त्याच क्रमाने प्रश्न विचारायला हरकत नाही.

विजेबद्दल दोन गैरसमज आहेत. व्होल्टेज कमी-जास्त होते म्हणून लोक लॅपटॉपसाठी महागडा स्टॅबिलायझर घेतात. चार्जरवरची बारीक अक्षरे वाचा. ‘इनपुट १०० ते २४०’ असे लिहिलेले असते, म्हणजे रात्री गावात १६० व्होल्ट आले तरी तो आपले काम करतो. त्याच्याच खाली ‘आउटपुट १९ व्होल्ट, ३.४२ अँपिअर’ असे असते. दोहोंचा गुणाकार करा: ६५ वॉट. दुसरा चार्जर घ्यायचा तर व्होल्ट तेच हवेत, आणि वॉट तितके किंवा जास्त. यूएसबी-सी पद्धतीचे नवे चार्जर व्होल्ट आपसांत ठरवून घेतात, तेथे वॉट पाहावे. खरा शत्रू आहे आकाशातली वीज. मृगाच्या सरींत कडकडाट सुरू झाला की चार्जर भिंतीतून काढून ठेवावा; नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. आणि चार्जरला तिसरी पिन दिलेली असेल तर ती तोडून दोन पिनांच्या बोर्डात घालू नये. यंत्राच्या कडेला हात लावला की झिणझिण्या येतात ते बहुधा अर्थिंग नसल्याचे लक्षण असते.

ग्राफिक्स कार्ड हा एक शब्द राहिला. मुले म्हणतात, “बाबा, इंजिनिअरिंगला गेमिंगचाच लॅपटॉप लागतो.” स्थापत्य किंवा यंत्रशाखेत नकाशे काढणारी सॉफ्टवेअरे असतात, व्हिडिओचे काम असते, तेथे वेगळे कार्ड उपयोगी पडते, हे मान्य. बी. ए., बी. कॉम., नर्सिंग, डी. एड., स्पर्धा परीक्षा यांना ते अजिबात लागत नाही. ते यंत्र जड असते, जास्त तापते आणि वीस-पंचवीस हजारांनी महाग पडते. पालकांनी कॉलेजकडून अभ्यासक्रमाची गरज लेखी आणावी. घरातला वाद तेथे संपतो.

शेवटी वॉरंटी. दोन शब्द आहेत: ऑनसाइट आणि कॅरी-इन. ऑनसाइट म्हणजे माणूस तुमच्याकडे येणार. कॅरी-इन म्हणजे तुम्ही यंत्र घेऊन त्यांच्याकडे जाणार. सिरोंच्याहून गडचिरोलीच सुमारे दोनशे किलोमीटर, नागपूर त्याच्याही पुढे. पर्लकोटेला पूर आला की भामरागडच्या माणसाने कॅरी-इन कसे करावे हे कंपनीच्या कागदावर लिहिलेले नसते. ऑनसाइटसुद्धा सर्व पिनकोडांवर मिळतेच असे नाही. म्हणून खरेदीआधी कंपनीच्या टोल-फ्री क्रमांकावर आपला पिनकोड सांगून विचारावे, आणि मूल नागपुरात किंवा चंद्रपुरात वसतिगृहात राहणार असेल तर तेथील पिनकोड सांगावा. बिल जीएसटीसह पक्के घ्यावे, त्यावर यंत्राचा सीरियल नंबर असावा. बिलाची एक प्रत बँकेच्या फायलीत जाते, दुसरी घरात ठेवावी. थर्मल कागदावरची छपाई वर्षभरात उडते, म्हणून तिची त्याच दिवशी झेरॉक्स काढावी.

ज्यांनी आज कोटेशन किंवा यंत्र बरोबर आणले आहे त्यांनी जेवणाच्या सुटीत ग्रंथालयाच्या खोलीत यावे. आम्ही चार वाजेपर्यंत तेथे बसलेले आहोत. जयभीम.